सुमनबाईंच्या काखेतली काळी गाठ

लग्नात पंगतीला बसलं आणि शेजारणीनं विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता हो?" की मी "लॅब आहे" एवढंच सांगते. एकदाच खरं सांगितलं होतं. म्हटलं, ऑपरेशनमध्ये काढलेल्या लोकांच्या गाठी कापून बघते. त्या बाईंनी ताटातला गुलाबजाम तसाच ठेवला आणि उठून दुसऱ्या पंगतीला गेल्या! त्यामुळे आमचे किस्से बाहेर कधी पडतच नाहीत. मेणात बसवलेल्या गाठींचे तुकडे जसे आमच्या कपाटात वर्षानुवर्षं साठतात, तसेच हेही साठत जातात.

हिंगोलीत फवारणीचे पंप विकणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब आहे. माणसं तीन. मी, म्हणजे मॅडम. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून मानेची वाट लावून घेतलेली. दुसरे रफीकभाई, आमचे टेक्निशियन. मेणातल्या तुकड्याच्या इतक्या पातळ चकत्या काढतात की फुंकर मारली तर उडतील. तिसऱ्या सुमनबाई. औंढ्याकडच्या एका तांड्यावरच्या. झाडलोट, बाटल्या धुणं आणि आम्हा दोघांना बोलणी सुनावणं, ही सगळी कामं त्यांच्याकडे.

आज सांगायला बसले त्याला कारण सुमनबाईच. यंदा त्यांच्याच स्तनातली गाठ आणि काखेतली गाठ आमच्या टेबलावर आली. स्तनाचा कॅन्सर पुढे सरकला तर बहुतेक वेळा आधी काखेतल्या गाठीत जातो; ही गाठ रोगाची नसते, गाळणीसारखी सगळ्यांनाच असते. काखेत पोचला असेल तर पुढचं सगळं अवघड. पोचला नसेल तर बाई वाचायची आशा मोठी. एवढाच प्रश्न होता, पण आमच्यासाठी जगात दुसरा प्रश्न नव्हता. ते सांगायच्या आधी काही गोष्टी ऐकाव्या लागतील, नाहीतर शेवटचं तुम्हाला खोटं वाटेल. तसं ते वाटणारच आहे म्हणा.

*

सुमनबाईंनी मायक्रोस्कोपमध्ये पहिल्यांदा डोळा लावला तो मला न विचारता. मी फोनवर होते. वळून बघते तर बाई वाकलेल्या, एका हातात फडकं, दुसरा हात कमरेवर.

"मॅडम, हे हालून न्हाई राहिले."

"हालणार कसे? मेलेत ते. वरून रंग चढवलाय आम्ही."

"मेलेत?"

"कधीच."

बाई आणखी थोडा वेळ बघत राहिल्या. मग हळूच मागे सरकल्या.

"मग माझ्याकडं काहून बघून राहिले?"

मी समजावलं. म्हटलं, पेशीच्या मधोमध गडद ठिपका असतो, तो डोळ्यासारखा दिसतो. बारीक, गडद दाण्यांसारख्या दिसतात त्या लढणाऱ्या पेशी. मोठ्या, फिकट, पोट सुटलेल्या दिसतात त्या खाणाऱ्या पेशी. मेलेलं, कुजलेलं, बाहेरून आत शिरलेलं, जे सापडेल ते गिळतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दोघींना मिळून एकच नाव ठेवून टाकलं, राखणदार. डोळ्यांचं मात्र त्यांना काही पटलं नाही. त्या दिवसापासून घरी जाताना एखादी स्लाइड टेबलावर राहिली असेल तर बाई ती पालथी घालून जातात.

*

रफीकभाईंची एक सवय आहे. हॉस्पिटलमधून बाटली आली की तिच्यावरचं नाव ते मोठ्यानं वाचतात, पण हजेरी घेतल्यासारखं. "अनुसयाबाई?" म्हणतात आणि क्षणभर थांबतात. मग झाकण उघडतात. एकीचा तुकडा दुसरीच्या नावावर जाऊ नये म्हणून त्यांच्या उस्तादांनी ही सवय लावली. मी एकदा विचारलं, "नाव वाचता ते ठीक, पण थांबता कशाला?"

"जवाब के वास्ते, मॅडम."

एकदा भर दुपारी त्यांनी अशीच बाटली उचलली. "अनुसयाबाई?"

"व्हय."

रफीकभाईंच्या हातातला चिमटा खाली! मी खुर्चीतून उठलेच. दारात नऊवारी नेसलेली एक म्हातारी उभी. कालच डिस्चार्ज मिळालेला, रिपोर्ट कधी मिळेल ते विचारायला मुलाला खाली ठेवून स्वतः जिना चढून आलेली. आम्ही पोट धरून हसलो. त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. त्या गेल्यावर रफीकभाई बाटलीकडे बघतच बसले होते.

"काय झालं हो?"

"मॅडम, आवाज़ पहले इधर से आया. दरवाज़े से बाद में."

*

नरसीच्या बाजूच्या एक शाळामास्तरीण होत्या. त्यांची गाठ मोठी आणि वाईट जातीची. पण पहिल्या तपासणीच्या तुकड्यात मी बघितलं तर गाठीभोवती लढणाऱ्या पेशींची नुसती जत्रा! मी सर्जनना फोन करून सांगितलं, राखण भक्कम आहे, आधी औषधं देऊन बघा. ज्यांच्या गाठीत ही गर्दी असते त्यांना औषध बरेचदा जास्त लागू पडतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

औषधं झाली, मग ऑपरेशन झालं. काढलेला भाग माझ्याकडे आला. मी कापत गेले, रफीकभाई चकत्या काढत गेले. दोन दिवस शोधलं. कॅन्सरची एक पेशी सापडेना! गाठ होती तिथं फक्त वण. आणि त्या वणाभोवती राखणदार अजून तसेच, गोल करून.

सुमनबाईंनी डोळा लावला. "ह्येंना कुणी सांगितलंच न्हाई का, काम झालं म्हणून?"

"कोणाला?"

"बसलेत की तसेच. मधी कुणी न्हाई अन् बसलेत. घरी जा म्हणा त्येंना."

मी हसले. नंतर एकटीनं परत बघितलं तेव्हा हसू आलं नाही.

मास्तरीणबाईंचे यजमान रिपोर्ट न्यायला आले. तेही मास्तर, गणिताचे. कॅन्सर उरला नाही म्हटल्यावर त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण गणित सुटल्याशिवाय उठतील तर ते मास्तर कसले!

"एवढी मोठी गाठ गेली कुठं?"

"विरघळली, सर. औषधानं मेली आणि शरीरानं साफ केली."

"साफ केली म्हणजे?"

"खाल्ली."

"कोणी?"

आता काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "बाईंनीच, सर. त्यांच्याच पेशींनी."

मास्तरांनी बाहेर बाकावर बसलेल्या बायकोकडे बघितलं. ती बिस्कीट खात होती. त्या दिवशी मास्तरांनी चहा घेतला नाही.

*

हट्ट्याच्या एक हळदवाल्या काकू होत्या. गाठ केवढी, तर हरभऱ्याएवढी. काखेत काही नाही, कागदावर सगळं छान. सर्जन खूश, काकू खूश. मी पण खूशच होते, शेवटची स्लाइड बघेपर्यंत.

गाठीच्या कडेला एक बारीकशी रक्तवाहिनी होती. तिच्या भिंतीला टेकून एक खाणारी पेशी, आणि त्या पेशीच्या कुशीला लागून कॅन्सरची पेशी. तिघं एका ओळीत. आता तुम्हाला वाटेल, राखणदारानं चोर पकडला. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण ह्या खाणाऱ्या पेशींतल्या काही फितूर होतात. गाठीला गिळायचं सोडून तिलाच पोसायला लागतात, तिच्यापर्यंत रक्ताच्या नवीन वाटा काढतात, आणि वेळ आली की रक्तवाहिनीची भिंत सैल करून तिला आत सोडतात. कॅन्सर त्यांना कसा वळवून घेतो ते थोडंथोडं कळायला लागलंय, पण थोडंच.

रफीकभाईंना मी स्लाइड दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"मॅडम, ये पकड़ के नहीं खड़ा. ये दरवाज़ा खोल के खड़ा है."

नेहमीचा रंग चढवलेल्या स्लाइडवरून हे शपथेवर सांगता येत नाही. त्यामुळे रिपोर्टात मी ते लिहिलं नाही. सर्जनना फोनवर सांगितलं, ह्यांच्यावर लक्ष ठेवा. दीड वर्षानं काकू काठी टेकत आल्या. पाठीच्या मणक्यात पसरलं होतं. समोर बसल्या, पदर सावरला, आवाज अगदी शांत.

"मॅडम, हरभऱ्याएवढीच होती ना ती?"

"हो काकू."

"मंग एवढ्या लांब एकटी कशी गेली?"

रफीकभाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला आणि आत निघून गेले.

*

शिरड शहापूरचे एक बाबा होते. त्यांच्या बायकोचं, आजींचं, ऑपरेशन अठरा वर्षांपूर्वी झालेलं. आता छातीच्या फोटोत एक डाग दिसला म्हणून डॉक्टरांनी मेणातला जुना तुकडा मागवला, तेव्हाच्या लॅबनं तो घरच्यांकडे दिला होता. बाबांनी पिशवीतून पितळेची डबी काढली. डबीत तुकडा, आणि तुकड्यावर हळद-कुंकवाचा हा एवढा थर!

"बाबा, हे कुठं ठेवलं होतं?"

"देवघरात."

"अहो, ह्यात आजींचा कॅन्सर आहे!"

"ठाऊक हाय की."

"मग देवघरात?"

"रोज पूजा झाली की सांगतो त्याला, झोपून राय बाबा. अठरा वर्सं ऐकलं त्यानं."

हसू नका. ऑपरेशननंतरही काही पेशी कधीकधी शरीरात मागे राहतात. हाडात, कुठंतरी कोपऱ्यात, झोपल्यासारख्या. राखणदार त्यांना उठू देत नाहीत. दहा वर्षं, वीस वर्षं. मग एखाद्या दिवशी कशानं जाग येते ते कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणजे बाबांचं तसं फार चुकलं नव्हतं, पत्ता तेवढा चुकला होता.

मी कुंकू खरवडलं. रफीकभाईंनी दोन चकत्या काढल्या. बाबा त्या पात्याकडे टक लावून बसलेले. शेवटी म्हणाले, "उठवलं ना तुमी त्याला? आता परत झोपवायचं कोणी?"

फोटोतला तो डाग जुन्या टीबीचा निघाला. आजी खणखणीत. तुकडा परत देताना मी तो पदरानं पुसला आणि सांगायला लाज वाटते, पण सांगते. बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी त्याला "झोप" म्हटलं.

*

आता सुमनबाई.

एका सकाळी बाईंनी फडकं बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसल्या. कधी बसत नाहीत त्या.

"मॅडम, आता माझे राखणदार बघायची पाळी आली."

डाव्या बाजूला गाठ होती. लिंबाएवढी. मी इतकी चिडले की ओरडलेच, "किती दिवस झाले?"

"सोयाबीन निघू दिलं."

सहा वर्षं ही बाई माझ्या टेबलावर रोज हेच बघत होती, आणि सोयाबीन निघू दिलं! मला रडू आलं, ते मी रागात लपवलं. तपासणीत कॅन्सरच निघाला आणि नांदेडला ऑपरेशन ठरलं. ते झालं त्या दिवशी सर्जनचा फोन आला. "मॅडम, काखेतली गाठ कोळशासारखी काळी निघाली. मला लक्षण बरं दिसत नाही."

बाटली आली. रफीकभाईंनी हातात घेतली. "सुमनबाई?" त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

काखेतली गाठ मी कापली. आतून शाई सांडल्यासारखी काळी. दुसऱ्या दिवशी स्लाइड हातात आली आणि मी डोळा लावला. गाठभर खाणाऱ्या पेशी, आणि प्रत्येकीच्या पोटात काळे दाणे. कॅन्सरची पेशी नाही. कडेला नाही, मध्ये नाही. आणखी खोल कापून बघितलं, वेगळे रंग चढवून बघितलं. एकही नाही!

काळं काय ते मला लगेच कळलं. गोंदण. आपल्याला वाटतं गोंदण कातडीत बसतं. तसं नसतं. ही शाई खाणाऱ्या पेशी गिळतात आणि धरून ठेवतात. एक मेली की तिच्या पोटातली शाई दुसरी गिळते. बायकांच्या हातावर चाळीस-पन्नास वर्षं तीच तुळशीची मंजिरी दिसते ती अशी, एका पेशीकडून दुसरीकडे जात जात टिकलेली. त्यातली थोडी शाई काखेतल्या गाठीत जाऊन साठते. म्हातारीच्या काखेत काळी गाठ निघाली की आम्ही आधी दंड बघतो.

सुमनबाई टाके दाखवून लॅबमध्ये आल्या. मी धावत जाऊन सांगितलं, "काखेत काही नाही! काळं होतं ते तुमचं गोंदण!"

बाई हसायला लागल्या. "माझं? मला कुठं हाय गोंदण?"

सहा वर्षं मी त्यांना लांब बाह्यांच्या कोटात बघत होते. दार लावलं, बाह्या वर करायला लावल्या. दंड, मनगट, खांदा, पाठ, गळा. टॉर्च मारून बघितलं. एक ठिपका नाही. तांड्यावरच्या त्यांच्या वयाच्या बाईच्या अंगावर एक ठिपका नाही!

"आईनं करूच दिलं न्हाई," बाई म्हणाल्या.

शाई त्यांची नाही, तर गाठ त्यांची नाही. म्हणजे साफ निघालेली गाठ दुसऱ्याच कुणा बाईची. मग सुमनबाईंची कुठं गेली? आणि तिच्यात काय होतं? रजिस्टर काढलं. त्या आठवड्यात आमच्याकडे स्तनाची एकच केस. नांदेडला विचारलं. त्या दिवशी तिथंही एकच. रफीकभाई शपथा घ्यायला लागले, जेवायचे बंद झाले. शेवटी काखेतल्या गाठीचा तुकडा आणि सुमनबाईंचं रक्त मुंबईला पाठवलं. दोन्ही एकाच माणसाचं आहे का, एवढंच सांगा म्हटलं.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. बाई मात्र डावा हात जपत रोज येत होत्या, एका हातानं फडकं मारत होत्या आणि विचारत होत्या, "आला का कागद?"

आला एकदाचा. मी आधी स्वतः वाचला, मग मोठ्यानं वाचला. "काखेतली गाठ आणि रक्त, दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे."

रफीकभाईंनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मी सरळ रडले. बाईंच्या गळ्यात पडले आणि रडले. गाठ त्यांचीच. साफ. बाई वाचणार!

"रडता काहून? पुरा वाचा की," बाई म्हणाल्या. "खालचं बारीक बी वाचा."

"ते काही नाही हो, सगळ्यांच्याच कागदावर छापलेलं असतं."

"वाचा."

मी डोळे पुसून वाचलं. "एकसारख्या जुळ्या व्यक्तींमधला फरक ह्या तपासणीत कळत नाही."

सुमनबाई स्टुलावर बसल्या.

"परत वाचा."

मी परत वाचलं. बाई जमिनीकडे बघतच म्हणाल्या, "आमी दोघी होतो, मॅडम. आईला बी वळखू येत नव्हतो. एकीला जेवायला दिलं तर दुसरी उपाशी राहून जायची. मंग आईनं एकीला गोंदून घेतलं अन् एकीला न्हाई. वळखू यावं म्हणून."

"मग ती कुठाय?"

"गेली. सात वर्साची असताना. तापानं."

रफीकभाईंनी विचारलं, अगदी हळू. "किधर गोंदे थे?"

बाईंनी उजव्या हाताचं बोट डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, काखेच्या जरा खाली ठेवलं. जिथल्या शाईनं तीच गाठ काळी होते, बरोबर तिथं. कातडी स्वच्छ होती. खालच्या दुकानात कुणीतरी पंप चालू करून बघत होतं.

बाईंनी माझ्या हातातून कागद घेतला. त्यांना वाचता येत नाही, तरी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मग मॅडम, साफ कोणाची निघाली म्हणायची? माझी, का तिची?"